सोळाशे तीस फुटांचा काठ

उजनी धरणाची पाणीपातळी सोलापूरकडची वर्तमानपत्रं नेमानं छापतात. धरण शंभर टक्के कधी भरतंय याकडे भीमाकाठचे ऊसवाले पावसाळाभर डोळे लावून बसलेले असतात. या शंभर टक्क्यांची पातळी आहे ४९६.८३ मीटर आणि शून्य टक्क्यांची ४९१.०३ मीटर. दोन्ही आकडे जरा चमत्कारिकच. धरणाची पातळी ठरवायला बसलेला माणूस ४९७ धरील, फार तर ४९६.५ धरील. हे दशांशचिन्हापुढचं ८३ आलं कुठून?

४९६.८३ला ०.३०४८नं भागून पाहा. उत्तर येतं १६३०. मग ४९१.०३लाही भागा. येतात १६११. दोन्ही पूर्णांक! मीटरमध्ये ओबडधोबड दिसणारे हे आकडे मुळात फुटांतले आहेत. उजनीची आखणी करणारी अभियंत्यांची पिढी फुटांत विचार करायची, कारण तिच्या हातातले नकाशेही फुटांतलेच होते. त्या नकाशांवर जमिनीच्या उंचीच्या तपकिरी रेषा असायच्या आणि त्या रेषांच्या आधारानंच भीमाकाठची कुठली गावं राहणार आणि कुठली जाणार हे ठरत गेलं. इंदापूर तालुक्यातलं पळसदेव हे त्या जाणाऱ्या गावांपैकी एक. १९८० साली धरण पुरं झालं, जुनं पळसदेव पाण्याखाली गेलं आणि गाव वर सरकून पुणे-सोलापूर रस्त्याच्या बाजूला नव्यानं वसलं.

एका लहानशा गावाचा जुना नकाशा हातात घेतला तर त्यातून किती काय निघतं, हे पाहायला पळसदेवसारखं गाव नाही.

रेषा म्हणजे काठ

या नकाशांना आपण टोपोशीट म्हणतो. ते भारतीय सर्वेक्षण विभागाचे, म्हणजे १७६७ साली सुरू झालेल्या ‘सर्व्हे ऑफ इंडिया’चे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या खात्यानं सगळा देश नव्यानं, रंगीत आणि उंचीच्या रेषांसह काढायला घेतला. प्रमाण होतं एका इंचाला एक मैल. वस्ती आणि रस्ते लाल, शेती पिवळी, झाडी हिरवी, पाणी निळं, उंची तपकिरी. दख्खनमधल्या बहुतेक ओढ्यांना मात्र निळा रंग लाभत नाही. वर्षातले आठ महिने जे कोरडे असतात ते काळ्या रेघेनं दाखवायचे असा नियम आहे. त्यामुळे आपल्याकडचं टोपोशीट पाहिलं की पाण्याची टंचाई नुसत्या रंगावरूनच कळते.

तपकिरी रेषा या सगळ्यांत अजब. एकाच रेषेवरचा प्रत्येक बिंदू समुद्रसपाटीपासून सारख्याच उंचीवर असतो, म्हणून तिला समोच्च रेषा म्हणतात. शाळेत ही व्याख्या पाठ करून आपण पुढे जातो आणि तिच्यातली गंमत तिथेच सोडून देतो. परातीत मळलेल्या कणकेचा वेडावाकडा गोळा ठेवा आणि बोटभर पाणी ओता. पाणी कणकेला जिथे टेकलं तिथे रेघ मारा. आणखी बोटभर ओता, पुन्हा रेघ मारा. असं करत गोळा बुडाला की पाणी काढून टाका आणि वरून पाहा. कणकेवर जे उमटलं तोच समोच्च रेषांचा नकाशा. म्हणजे प्रत्येक तपकिरी रेषा हा एक काठ आहे. पाणी तिथवर आलं तर तळ्याचा आकार कसा असेल, ते पाणी येण्याच्या कितीतरी आधी त्या रेषेनं सांगून ठेवलेलं असतं.

एक इंची नकाशांवर या रेषा दर ५० फुटांनी असत आणि दर पाचवी रेषा जाड. १६०० फुटांची एक, १६५०ची एक. उजनीचे १६३० फूट या दोन रेषांच्या मधे पडतात. पुढे देशानं दशमान पद्धत स्वीकारल्यावर १:५०,००० प्रमाणाचे नकाशे आले, तेव्हा रेषांमधलं अंतर २० मीटर झालं. त्या नकाशावर ५०० मीटरची जाड रेषा शोधा आणि तिच्या किंचित आत, नदीच्या बाजूला बोट ठेवा. भरलेल्या उजनीचा काठ तो. धरण नसलेल्या जुन्या नकाशावरही हा काठ बोटानं गिरवता येतो. ते तळं कागदावर आधीपासूनच होतं, फक्त त्यात कुणी निळा रंग भरलेला नव्हता.

फळी, पट्टी आणि नजर

उपग्रह नव्हते, विमानातून फोटो काढायची सोय नव्हती, तेव्हा या रेषा काढल्या कुणी आणि कशा?

आधी देशभर त्रिकोणांचं जाळं टाकलं गेलं. १८०२ साली मद्रासजवळ विल्यम लॅम्बटननं जमिनीवर एक सरळ पायारेषा मोजून त्याची सुरुवात केली. एक बाजू आणि दोन कोन कळले की त्रिकोणाच्या उरलेल्या बाजू गणितानं निघतात. त्यातली एक बाजू घेऊन पुढचा त्रिकोण, मग त्याच्या पुढचा. सुमारे अर्धा टन वजनाचा थिओडोलाइट टेकड्यांवर आणि देवळांच्या गोपुरांवर चढवत लॅम्बटन दक्षिणेकडून वर सरकत राहिला आणि १८२३च्या जानेवारीत आपल्या हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. पुढे त्याच्या हाताखालच्या जॉर्ज एव्हरेस्टनं हे काम हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेलं. त्रिकोणांच्या या मुख्य रांगेला आडव्या रांगाही जोडल्या गेल्या. त्यातली एक बीदरच्या बाजूनं दख्खन ओलांडत मुंबईकडे आली.

या जाळ्यामुळे प्रत्येक मुलखात काही टेकड्या अशा झाल्या की ज्यांची जागा आणि उंची पक्की ठाऊक. टोपोशीटवर त्या छोट्या त्रिकोणानं दाखवतात. मोजणीदाराचं खरं काम त्यांच्यापासून सुरू व्हायचं. त्याचं मुख्य साधन होतं प्लेन टेबल, म्हणजे तिवईवर सपाट बसवलेली एक फळी. फळीवर कागद ताणलेला आणि कागदावर त्या ओळखीच्या टेकड्या आधीच टिंबांनी मांडलेल्या.

समजा, मोजणीदार भीमेच्या काठी एका अनोळखी शेतात उभा आहे. ही जागा कागदावर नेमकी कुठे येते, हे त्याला काढायचंय. तो फळी समतल करतो आणि होकायंत्रानं तिची दिशा लावून घेतो. मग नेम धरायची पट्टी एका टिंबाला लावून ती खऱ्या टेकडीवर रोखतो आणि टेकडीकडून स्वतःकडे रेघ ओढतो. दुसऱ्या टेकडीची तशीच रेघ, मग तिसरीची. तिन्ही रेघा एका बिंदूत मिळाल्या तर तो बिंदू म्हणजे त्याची जागा. बहुतेक वेळा त्या मिळत नाहीत आणि मधे एक बारीकसा त्रिकोण उरतो. मग फळी किंचित फिरवायची आणि पुन्हा रेघा मारायच्या. तो त्रिकोण मिटेपर्यंत हेच.

जागा सापडली की उंची. त्यासाठी क्लिनोमीटर नावाचं साधं यंत्र. त्यातून टेकडीचा माथा किती वर दिसतो ते वाचायचं आणि कागदावरचं अंतर मोजून गुणाकार करायचा. अशा उंच्या जागोजागी काढल्या की बिंदू मिळतात. पण रेषा म्हणजे नुसते बिंदू नव्हेत. दोन बिंदूंच्या मधे जमीन कशी वळते, घळ कुठे आत शिरते, हे मोजणीदार समोर पाहत हातानं काढायचा. म्हणजे जुन्या टोपोशीटमधली तपकिरी रेषा अर्धी गणितानं आणि अर्धी नजरेनं आलेली आहे. एक इंची नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे ६३ मीटर. एवढ्याशा जागेत ओढ्याचं वळण ओळखू येईल असं काढायचं तर हात चित्रकाराचाच हवा.

एवढं सगळं मोजायचं ते कुठल्या शून्यापासून? समुद्रापासून. मुंबई, कारवार, मद्रास, विशाखापट्टण, कराची अशा नऊ बंदरांवर भरती-ओहोटीच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी ठेवल्या गेल्या. त्यांच्यावरून समुद्राची सरासरी पातळी ठरली आणि १९०९मध्ये देशभरच्या उंच्या तिला जोडल्या गेल्या. समुद्र कधी न पाहिलेल्या पळसदेवच्या शेतकऱ्याच्या बांधाची उंचीही त्या नऊ बंदरांच्या लाटांवरूनच ठरली.

दुसरा नकाशा

पळसदेवचा आणखी एक नकाशा आहे आणि तो टोपोशीटहून कितीतरी जुन्या परंपरेतला आहे. तो म्हणजे तलाठ्याकडचा गावनकाशा. मुंबई इलाख्यातली रयतवारी मोजणी ज्या पद्धतीनं पुढे सगळीकडे झाली, तिची सुरुवात याच इंदापूर तालुक्यात झाली. त्याआधीची प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याची जमाबंदी दख्खनमध्ये फसली होती. सारा एवढा जड की लोक शेतं टाकून निघून जात होते. तेव्हा गोल्डस्मिड हा मुलकी अधिकारी आणि जॉर्ज विंगेट हा तरुण लेफ्टनंट अशा दोघांनी १८३५-३६च्या सुमारास इंदापूरची जमीन नव्यानं पाहून सारा बसवला. आपण आज सहज बोलतो तो ‘सर्व्हे नंबर’ ही याच मोजणीची देणगी.

मोजायला ३३ फुटांची साखळी असायची. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जमीन म्हणजे एक गुंठा. ३३ गुणिले ३३ म्हणजे १०८९ चौरस फूट. प्लॉट घेताना हा आकडा ज्याच्या कानावर पडला नाही असा मराठी माणूस विरळाच. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर.

आता हे दोन नकाशे शेजारी ठेवा. गावनकाशात प्रत्येक बांध आहे, प्रत्येक तुकड्याला नंबर आहे आणि नंबरावरून सात-बारा काढला की मालकाचं नाव मिळतं. पण त्या कागदावर उंचीचा मागमूस नाही. टेकडीचा उतार आणि नदीकाठची मळई त्यावर सारख्याच सपाट दिसतात. टोपोशीटचं बरोबर उलट. त्यावर उंची आहे, विहिरी आहेत, देऊळ आहे, ओढ्याचा काठ भोवतालच्या जमिनीपासून किती खोल आहे तेही आकड्यापुढे इंग्रजी आर लिहून सांगितलेलं आहे. पण एकाही बांधाचा मालक नाही. एक नकाशा सारा वसूल करायला काढला, दुसरा मुलूख समजून घ्यायला. दोघांची खाती वेगळी, साधनं वेगळी.

धरण आलं तेव्हा या दोन नकाशांना पहिल्यांदा एकमेकांची गरज पडली. काय बुडणार हे तपकिरी रेषा सांगत होती आणि कुणाचं बुडणार हे सर्व्हे नंबर. बुडीत क्षेत्र ठरवायचं म्हणजे १६३० फुटांची रेषा गावनकाशावर उतरवायची आणि ती कुठल्या कुठल्या नंबरांतून जाते ते पाहायचं. एकाच शेतकऱ्याचा एक नंबर रेषेच्या आत आणि दुसरा बाहेर असंही होतं. एखाद्या नंबराच्या मधूनच रेषा गेली तर शेताचे दोन भाग होतात, एकाची नुकसानभरपाई आणि एकाची शेती.

कागदावर पाणी मोजायचं

समोच्च रेषांची आणखी एक करामत आहे. पाण्याचा थेंबही न अडवता धरणात किती पाणी मावेल, हे त्यांच्यावरून काढता येतं. एका रेषेच्या आतलं क्षेत्रफळ मोजायचं, मग तिच्या वरच्या रेषेच्या आतलं. दोन्हींची सरासरी काढून मधल्या उंचीनं गुणलं की त्या थरातलं पाणी मिळतं. असे थर एकावर एक रचले की साठा झाला. टोपोशीटवरून जागा हेरायची, मग तिथे मोठ्या प्रमाणावर पुन्हा मोजणी करायची आणि त्यावरून हे गणित पक्कं करायचं, अशी धरणाच्या कामाची रीत आहे.

हेच गणित उलटं करून पाहू. उजनीचा उपयुक्त साठा ५३.५७ टीएमसी, म्हणजे ५३.५७ अब्ज घनफूट. तो १६११ आणि १६३० फुटांच्या मधल्या १९ फुटांत मावतो. भागाकार केला की या थराचं सरासरी क्षेत्र येतं सुमारे ६४,७०० एकर, म्हणजे जवळपास २६ लाख गुंठे. विंगेटच्या साखळीनं मोजायला घेतलं असतं तर एवढ्या वेळा चौकोन पाडावे लागले असते. आणि उंची किती, तर १९ फूट, जेमतेम दोन मजले.

एवढ्या कमी उंचीत एवढं पाणी बसतं, याचं कारण भीमेचं खोरं इथे कमालीचं सपाट आहे. नकाशावर त्याची खूण म्हणजे रेषा एकमेकींपासून लांब लांब. कोयनेच्या खोऱ्याचं टोपोशीट पाहिलं तर तपकिरी रेषांची इतकी दाटी असते की मधे नाव लिहायला जागा सापडत नाही. तिथलं पाणी खोल आणि अरुंद, इथलं उथळ आणि पसरट. समजा, ५० फुटांच्या दोन रेषा एक इंची नकाशावर बरोबर एक इंच लांब आहेत. तिथे पाणी एक फूट उतरलं की काठ सुमारे शंभर फूट मागे सरकतो.

उजनीकाठचं सगळं आयुष्य या सरकत्या काठाभोवती फिरतं. पाणी मागे गेलं की मोटारी पुढे न्यायच्या, पाइप आणि केबल वाढवायची, पाण्यापर्यंत चाऱ्या खोदायच्या. उघड्या पडलेल्या जमिनीत गाळपेर करायची. भिगवणजवळ हिवाळ्यात रोहित पक्षी येतात तेही याच सपाटीमुळे. लांब पायांवर उभं राहून चोचीनं चिखल चाळणाऱ्या पक्ष्याला उथळ पाणीच हवं. कोयनेच्या उभ्या काठावर तो करणार काय? आज पर्यटक कुंभारगावातून होडीत बसून ज्या पाण्यात रोहित बघायला जातात, त्याच्या तळाशी कुणाचे तरी जुने सर्व्हे नंबर आहेत.

वजा टक्क्यांतलं गाव

उजनीचा एकूण साठा ११७ टीएमसीच्या आसपास, पण त्यातला निम्म्याहून अधिक मृतसाठा आहे. टक्केवारी फक्त उपयुक्त साठ्याची धरतात. त्यामुळे पाणी १६११ फुटांच्या खाली गेलं की आकडा शून्याखाली जातो आणि लोक म्हणतात, ‘उजनी मायनसमध्ये गेली.’ २०२४च्या उन्हाळ्यात ती उणे ६० टक्क्यांच्या आसपास पोचली होती.

पळसदेवच्या लोकांना मात्र मायनसचा वेगळा अर्थ माहीत आहे. पाणी फार खाली गेलं की जुन्या गावातलं पळसनाथाचं देऊळ वर येऊ लागतं. आधी शिखर, मग सभामंडप, मग आवार आणि वीरगळ. लोक होड्यांनी किंवा चिखल तुडवत तिथवर जातात. दुष्काळाच्या वर्षी ज्या बातमीनं सोलापूरच्या तोंडचं पाणी पळतं, तीच बातमी इथे देवदर्शनाची असते.

हेही खरं तर तपकिरी रेषांचंच काम. पाणी उतरतं तेव्हा तळं आकसत जाऊन खालच्या खालच्या रेषांवर येतं, आणि एखादा पाया, एखादी विहीर कुठल्या वेळी उघडी पडेल हे तिच्या उंचीवर ठरतं. पाण्याखालच्या गावाला स्वतःचं एक वेळापत्रक असतं आणि ते जुन्या टोपोशीटवर वाचता येतं.

डिकसळचा पूलही असाच. पुण्याहून सोलापूरपर्यंतची रेल्वे १८६०पर्यंत सुरू झाली आणि तिनं भीमा इथे ओलांडली. धरणामुळे रेल्वेमार्ग हलला आणि जुना पूल सडकेला मिळाला. आजच्या माणसाला प्रश्न पडतो की एवढा चिरेबंदी अरुंद पूल गावरस्त्यासाठी कुणी बांधला असेल? जुन्या नकाशावर रुळांची काळी रेघ त्याच्यावरून जाते आणि कोडं सुटतं.

आपलं गाव शोधताना

टोपोशीटचे क्रमांक पहिल्यांदा पाहिले की गोंधळायला होतं, पण त्यांची युक्ती सोपी आहे. चार अंश लांब आणि चार अंश रुंद अशा चौकोनाला एक आकडा. १६ ते २० अक्षांश आणि ७२ ते ७६ रेखांश हा चौकोन ४७. मुंबई, पुणे, सातारा, सोलापूर सगळे त्यात. त्याचे एकेक अंशाचे सोळा भाग, त्यांना इंग्रजी ए ते पी अशी अक्षरं, डावीकडून वरून खाली. पुणे ४७ एफमध्ये, पळसदेव ४७ जेमध्ये, तर उजनीची भिंत ४७ एनमध्ये. प्रत्येक अक्षराचे पुन्हा सोळा भाग, तेवढा एक नकाशा. त्यात साधारण २७ किलोमीटर लांब आणि तितकाच रुंद मुलूख मावतो, म्हणजे एखादा बाजारगाव आणि त्याच्याकडे चालत येणारी सगळी खेडी.

आजचे नकाशे सर्वेक्षण विभागाच्या पोर्टलवर मिळतात. जुन्यांसाठी अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयात डोकवावं. अमेरिकी लष्करानं १९५०च्या दशकात भारताचे अडीच लाखास एक प्रमाणाचे नकाशे काढले, त्यांना आधार होता आपल्याच सर्वेक्षणाचा. ते तिथे सगळ्यांना खुले आहेत. त्यांत उजनीचं तळं नाही. भीमा आपल्या जुन्या पात्रातून वळणं घेत जाते.

नकाशा मिळाला की नाव शोधून थांबू नका. गावाजवळून जाणारी तपकिरी रेषा पकडा आणि तिच्याबरोबर चालत जा. मग नदीची उंची पाहा आणि घराची पाहा. पाटबंधारे खात्याची निळी आणि लाल पूररेषा हे अशाच उंचीचे काठ आहेत, एक पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचा आणि दुसरा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याचा. सांगलीत हे कुणाला शिकवावं लागत नाही. आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा आणि ४५ला धोका, हे तिथे शाळकरी पोरही सांगतं. कुठल्या फुटाला कुठल्या गल्लीत पाणी शिरतं हे लोकांना तोंडपाठ असतं, आणि २०१९मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा त्या पाठांतरात नव्या गल्ल्यांची भर पडली. नदीकाठी जमीन घेणाऱ्यानं सात-बारा जसा पाहायचा तसं टोपोशीटही पाहायला हवं. जमीन कुणाची हे एका कागदात आहे, आणि पाण्याची पाळी आली तर ती कितवी, हे दुसऱ्यात.